एक खडक दक्षिणेला

पुरवणी जबाब

नाव: कागदावरचं नाव पहिल्या जबाबात आहे, बेटांवर सगळे मला ‘ओळंबा’ म्हणतात. वय: सदुसष्ट वर्षे. धंदा: मासेमारी, आणि गळाची हौस असलेल्या पाहुण्यांना समुद्रात माशांच्या जागांवर नेणे. शिक्षण: चौथी, पुढचं आपलं आपण. राहणार: धक्क्यामागची गल्ली, बर्फाच्या कारखान्यावरची खोली.

समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. एकच मुलगी. ती बंदर कचेरीत वायरलेसवर कामाला आहे. तिचा नवरा, म्हणजे माझा जावई, किनाऱ्याकडून इथे रेडिओदुरुस्तीच्या कामाला तीन महिन्यांसाठी म्हणून आला आणि इथलाच झाला. सुट्टीच्या दिवशी तो माझ्या बोटीवर येत असे. दोरीला शिशाचा गोळा बांधून मी पाण्याची खोली वावांत, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात, मोजतो, त्यावरून मला ओळंबा नाव पडलं. जावयाने बोटीला खोली दाखवणारं यंत्र बसवून दिलं तरी माझी दोरी सुटली नाही. तो म्हणायचा, “बाबा, यंत्र खोटं बोलत नाही.” मी म्हणायचो, “दोरी तरी कुठे बोलते?” असं आमचं चालायचं.

घटनेच्या दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात याच टेबलावर एक जबाब दिला आहे. त्यात मी सांगितलं की, घाबरल्यामुळे वायरलेसवर माझ्याच तोंडून चुकीच्या खडकाचं नाव गेलं. ते खोटं आहे. तसं सांगायला मला कोणी भाग पाडलं नव्हतं, कोणी पढवलं नव्हतं. माझ्याच मनाने सांगितलं. आता ते का बदलतो आहे ते ओघाने येईलच.

साहेब बाहेरचे आहेत म्हणून आधी जागांचं सांगतो. आमच्या बेटांच्या पश्चिमेला खडकांची एक रांग आहे. उत्तरेकडून मोजत आलं तर पाटा, मग म्हातारीचा दात, मग दोन भावंडं, मग कढई. एकेका खडकात सात-आठ मैलांचं अंतर आहे. मासा सगळीकडे नसतो. या खडकांच्या आसपास, तळाला जिथे खड्डा किंवा उंचवटा असतो तिथे असतो. अशी जागा सापडायला वर्षं जातात. सापडली की जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ती डोक्यात ठेवायची. कागदावर लिहायची नाही.

समुद्रावर वायरलेस सगळ्या बोटी ऐकतात. कोणी विचारलं, “कुठे आहेस?” तर गप्प बसणं बरं दिसत नाही, आणि खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तिथे आठ बोटी उभ्या. म्हणून खोटं सांगायचं. पण घरच्यांना खरं कळायला हवं, नाही तर माणूस उशिरा परतला तर शोधायचं कुठे? त्यासाठी इथे प्रत्येक घराची आपली एक रीत आहे आणि ती घराबाहेर जात नाही. आमच्या घराची रीत माझ्या वडिलांपासूनची: असतो त्या जागेच्या एक खडक उत्तरेचं नाव घ्यायचं. घरच्याने ऐकलं की एक खडक दक्षिणेला समजायचं. बायको होती तोवर ती घरच्या सेटवर बसायची. मुलगी चार वर्षांची असल्यापासून तिच्या मांडीवर बसून हे ऐकत आली आहे. पाढ्यांच्या आधी तिला हे पाठ झालं.

पाच वर्षांपूर्वीची एक गोष्ट इथे सांगणं भाग आहे. मी कढईवर होतो आणि इंजिन बंद पडलं. वारा वाढत होता. बोटीत तांबोशी मासा गळ्यापर्यंत भरलेला, तशी बोट पुन्हा कधी भरली नाही. मी वायरलेसवर मदत मागितली आणि जागा सांगितली दोन भावंडं. एवढ्यावर थांबलो नाही. दुसऱ्या एका बोटवाल्याने विचारलं, “ओळंबा, खरं बोलतोस ना?” तर म्हणालो, “पोरीची शपथ.” मुलगी तेव्हा कचेरीत नवीन होती. तिने मदतीची बोट थेट कढईवर पाठवली. परत आल्यावर धक्क्यावर चाळीस माणसांसमोर मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, “ही खरी माझी पोर. बाप मरायला टेकला तरी घरची रीत विसरली नाही.” सगळे हसले. तीही हसली.

आता त्या दिवसाचं. मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी, जावई आणि एक पाहुणे असे तिघे माझ्या बोटीने धक्क्यावरून निघालो. पाहुणे दंतवैद्य आहेत, दरवर्षी येतात, माणूस सज्जन आहे. त्यांना बोटीतून नाही, खडकावर उभं राहून गळ टाकायचा होता. तसं फक्त म्हातारीच्या दातावर करता येतं, तेही ओहोटीला. ओहोटीला दाताच्या बुडाशी अंगणाएवढा सपाट खडक उघडा पडतो. भरतीला तो पुरुषभर पाण्याखाली जातो आणि फक्त वरचा सुळका उरतो. जावई वाटेत पाहुण्यांना म्हणाला, “साहेब, म्हातारी तुमच्याकडे येऊ शकत नाही म्हणून तुम्हीच तिच्याकडे चाललात.” पाहुणे म्हणाले, “तपासणी फी तुझ्या सासऱ्याकडून घेतो.” आठ चाळीसला आम्ही पोचलो. ओहोटी सव्वानऊची होती, भरती दुपारी तीन वीसची.

तिथे बोट उभी करायची पद्धत अशी की मागून नांगर टाकायचा आणि पुढचं तोंड दोरीने खडकाकडे धरून ठेवायचं. तशी धरली. मी आणि पाहुणे खडकावर उतरलो, जावई बोटीत राहिला. पाहुण्यांना पाऊण तासात दोन मासे लागले. नऊ पन्नासच्या सुमारास एकामागून एक तीन मोठ्या लाटा आल्या आणि नांगर सुटला. नांगर मी टाकला होता. बोट आडवी होऊन खडकावर आदळली. जावयाने लाइफ जॅकेटं आणि हातातला वायरलेस सेट आमच्याकडे फेकला आणि उडी मारली. त्याचा उजवा पाय खडकाच्या चिरेत गेला. त्याच वेळी बोट दुसऱ्यांदा आदळली आणि चिरेच्या तोंडावरचा धोंडा सरकून पायावर बसला. बोट दहा-बारा मिनिटांत बुडाली. धूर काढायच्या नळकांड्या, पहार, दोर, सगळं तिच्याबरोबर गेलं.

धोंडा आम्ही दोघांनी ओढून पाहिला, ढकलून पाहिला. पाहुण्यांनी गळाच्या दोन काठ्या खाली घालून उचलायचा प्रयत्न केला, त्या मोडल्या. जावई म्हणाला, “बाबा, आधी कचेरीला कळवा. हे नंतर.” मी सेट हातात घेतला. तो म्हणाला, “खरी जागा सांगा हं.” आमच्या घरची रीत त्याला कधी सांगितली नव्हती. कानावर एवढंच होतं की इथले सगळे जागा फिरवून सांगतात. जावयाला घरची रीत सांगायची ती पहिल्या मुलाच्या वेळी, असं मी ठरवलं होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी मी बोललो. शब्द असे: “बोट बुडाली. आम्ही तिघे म्हातारीच्या दातावर आहोत. जावयाचा पाय अडकलाय. भरतीच्या आत या.” सेटवर मुलगीच होती. ती म्हणाली, “कळलं बाबा. पाठवते.” ‘कळलं’ ती कशी म्हणाली ते मी ऐकलं. आम्हा दोघांतलं असतं ना, तसं म्हणाली. पण माझं सगळं लक्ष त्या धोंड्याकडे होतं. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

त्यानंतर जावयाने सेट बंद ठेवायला सांगितला. “पाणी गेलंय आत, बॅटरी पण अर्धीच आहे. बोट दिसली की चालू करू.” त्याचं बरोबर होतं. आम्ही वाट पाहिली. धक्क्यावरून बोटीला दीड तास लागतो, म्हणजे पावणेबारा. साडेदहाला पाणी त्याच्या घोट्याशी होतं. साडेअकराला गुडघ्याशी. तो पाहुण्यांना म्हणाला, “साहेब, एवढा वेळ खुर्चीत बसवून ठेवता का हो पेशंटला?” पाहुणे हसले. मीही हसलो.

अकरा चाळीसला बोट दिसली. माझ्या मेव्हण्याची होती. त्याचा आवाज मोठा, म्हणून लोक त्याला भोंगा म्हणतात. आमच्यापासून तीन मैलांवरून ती गेली. मोडक्या काठीला शर्ट बांधून आम्ही हलवत होतो. ती वळली नाही, सरळ दक्षिणेला गेली. तेव्हा मला सगळं उलगडलं. पाहुणे ओरडत होते, “अहो, ते चुकले, ते चुकले!” मी खडकावर खाली बसलो. जावयाने विचारलं, “बाबा, काय झालं?” मी त्याला तेव्हा घरची रीत सांगितली.

तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं.” रागाने नाही म्हणाला. सेट बिघडला की कुठली तार तुटली ते शोधतो ना माणूस, तसं म्हणाला. मग हात पुढे करून म्हणाला, “आणा तो सेट इकडे.”

सेट चालू केला तर नुसती खरखर होती, आमचा आवाज जात नव्हता. त्याने तो पाहुण्यांच्या छातीशी धरायला लावला, म्हणजे उडणारं पाणी लागणार नाही, आणि माशाची सुरी घेऊन उघडला. पाहुण्यांच्या शर्टाच्या आतल्या बाजूने एकेक जोड पुसला. एक तार सुटली होती, ती गळाच्या दोऱ्याने बांधली. हे त्याने कमरेपर्यंतच्या पाण्यात, एका पायावर उभं राहून, सव्वा तास केलं. या सव्वा तासात मी त्याला मागून धरून उभा होतो. तो मधे मधे म्हणत होता, “बाबा, हलू नका हो.” मी हलत नव्हतो, लाटा हलवत होत्या. पण मी “बरं” म्हणालो.

एक वाजून पाच मिनिटांनी सेट बोलू लागला. त्यावर भोंग्याचा आवाज होता, “भावंडांवर कोणी नाही. फळकूटसुद्धा नाही.” मुलगी म्हणाली, “मामा, वाहून गेले असतील. आणखी खाली जा, कढईपर्यंत.” मी मधे बोललो, “पोरी, आम्ही दातावर आहोत. खरंच दातावर.” ती म्हणाली, “हो बाबा, बोट जवळ आलीय, धीर धरा.” मी म्हणालो, “तुझी शपथ.” ती पुन्हा म्हणाली, “हो बाबा.” आजारी माणसाला म्हणतात तसं.

मग मला सुचलं ते मी केलं. मी म्हणालो, “मोठ्या तांबोशीची जागा सांगतो, लिहून घे. दीपगृह आणि बर्फ कारखान्याची चिमणी एका रेषेत, पाट्याची खाच पूर्ण उघडी दिसेल तिथे. बावीस वाव पाणी, तळाला खडी.” ती म्हणाली, “बाबा, काय करताय, सगळे ऐकताहेत.” मी म्हणालो, “ऐकू देत. कुपा माशाची जागा: भावंडांमधली फट बंद झाली की पूर्वेला अर्धा मैल, चाळीस वाव. कढईच्या मागचा खड्डा: तुझ्या आजोबांची जागा, अठरा वाव, भरतीच्या शेवटच्या तासाला...” अशा अकरा जागांपैकी पाच सांगून झाल्या तेव्हा सेट शांत होता. एकही बोट मधे बोलली नाही. मग मुलीचा आवाज आला, “तुम्ही दातावर आहात.” मी म्हणालो, “हो.” तेव्हा एक दहा झाले होते. तिने भोंग्याला वळायला सांगितलं. तिचा आवाज कामावर असतो तसाच होता. भावंडांवरून दातापर्यंत सात मैल, उलट्या प्रवाहात एक तासाच्या वर.

पाणी तेव्हा जावयाच्या छातीशी होतं. त्याने माझ्याकडून सेट मागून घेतला आणि तो मुलीशी बोलला. बॅटरी संपेपर्यंत बोलला. काय बोलला त्याचा तपासाशी संबंध नाही, म्हणून इथे सांगत नाही. साहेबांनी दोनदा विचारलं. सांगत नाही.

मी आणि पाहुणे त्याच्या दोन्ही बाजूंना होतो. पाहुण्यांना पोहता येत नाही, तरी ते सुळक्यावर चढून बसले नाहीत, हे लिहून घ्यावं. एक पन्नासपर्यंत आम्ही त्याला धरून ठेवलं. दोन पंधराला भोंग्याची बोट आली. भोंगा म्हणाला, “दाजी, हात द्या.” मी नको म्हणालो. पाहुण्यांना आधी घेतलं, मग चौघांनी मला घेतलं. पाणी उतरल्यावर, संध्याकाळी साडेसहाला, सहा माणसांनी पहारीने धोंडा हलवला. तोवर बोट तिथेच धरून ठेवा असं मी म्हणालो आणि भोंग्याने ठेवली.

पाहुण्यांची तक्रार अशी आहे की, कचेरीला जागा बरोबर सांगितली असताना वायरलेसवरच्या बाईने दुसरीकडे बोट पाठवली. तक्रार खरी आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केली असती. कचेरीच्या वहीत दहा पाचच्या ओळीवर ‘म्हातारीचा दात’ लिहून खोडलेलं आहे आणि वर ‘दोन भावंडं’ लिहिलेलं आहे, हे साहेबांनी मला दाखवलं. दोन्ही अक्षरं माझ्या मुलीची आहेत. मला वाटलं, मीच भावंडं म्हणालो असं सांगितलं तर ती खोडलेली ओळ निभावून जाईल: आधी ऐकण्यात गफलत झाली आणि लगेच सुधारली, असं दिसेल. पाहुण्यांना घाबरल्यामुळे नीट आठवत नसेल, असंही मी पहिल्या जबाबात म्हणालो. त्याबद्दल त्यांची माफी मागतो.

काल दुपारी मुलगी माझ्या खोलीवर आली. पाच दिवसांत पहिल्यांदा. मी म्हणालो, “ये, बस. चहा टाकतो.” ती दारातच उभी राहिली.

“काय सांगून आलात तिथे?”

“विचारलं ते सांगितलं.”

“तुम्ही भावंडं म्हणालात?”

“म्हणालो असेन. घाबरलेला माणूस काहीही बोलतो.”

“बाबा, दात म्हणालात. मी दात लिहिलं, मग खोडलं. पेन माझ्या हातात होतं.”

मी तिला समजावलं. म्हणालो, “अगं, तुझी नोकरी आहे, तुझ्यापुढे आयुष्य पडलंय. मी सदुसष्टचा. मला काय करणार? आत टाकलं तर दोन वेळचं आयतं मिळेल, भांडीसुद्धा घासायला नकोत.”

एरवी ती हसली असती. ती म्हणाली, “तुम्ही अजून फिरवूनच सांगताय.”

“तुझ्यासाठीच ना गं?”

“कशाला माझ्यासाठी? तो माझ्याशी शेवटपर्यंत बोलला. मी त्याला सांगितलं, मी खोडलं म्हणून. त्याला माहीत होतं, बाबा. त्याला सांगितलेलं आता तुम्ही खोटं करणार?”

मग ती म्हणाली, “उद्या दहाला मी ठाण्यात जाणार आहे. तुम्ही येणार असाल तर या.” आणि गेली. मी रात्रभर बसून होतो की झोपलो होतो ते सांगता येत नाही. सकाळी दाढी करून आलो. ती फाटकापाशी उभी होती.

तरी आता खरं ते सांगतो. मी दहा पाचला वायरलेसवर म्हातारीचा दात हेच नाव घेतलं. ते बरोबर होतं. मुलीने ते ऐकलं, बरोबर लिहिलं, आणि नंतर खोडून दोन भावंडं केलं. ते तिच्या हातचं आहे. बोट आधी दाताकडे आली असती तर पावणेबाराला पोचली असती, तेव्हा पाणी गुडघ्याच्या थोडंच वर होतं. तिच्या जागी दुसरं कोणीही बसलं असतं तर बोट बरोबर आली असती. फक्त माझीच मुलगी तिथे चुकू शकत होती, आणि ते तिला मी शिकवलं. तिने कोणाशी वैर धरून, आळसाने किंवा दुर्लक्षाने काही केलं नाही. या फॉर्मवर कारणाचा वेगळा रकाना असेल तर तिथे माझं नाव लिहावं. नसेल तर आहे तसं राहू द्यावं.

भोंग्याविरुद्ध, कचेरीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. आधीचा जबाब रद्द समजावा. खोट्या जबाबाबद्दल जी काही शिक्षा असेल ती मला मान्य आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी शेजारच्या बाकावर होती, तिनेही ऐकला. शेवटून तिसऱ्या परिच्छेदात मी आधी ‘मुलीच्या हातून नाव बदललं गेलं’ असं सांगितलं होतं. तिथे ती उठून टेबलाशी आली आणि म्हणाली, “बदललं गेलं नाही. मी बदललं.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ती सांगते तसं लिहा. ते वाक्य खोडून वर आहे तसं केलं. बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे उतरलं आहे. खोडलेल्या ओळीच्या बाजूला आम्हा दोघांच्या सह्या आहेत, आधी तिची, खाली माझी.